जुने यंत्र आणि कचेरीचा हट्ट

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या आपल्या कार्यप्रणालीचा विनामूल्य सांभाळ थांबवला, आणि आदल्या दिवसापर्यंत या देशातील असंख्य घरांत, दुकानांत, शाळांत आणि पतसंस्थांत बिनतक्रार राबणारी यंत्रे एका रात्रीत कागदोपत्री निकालात निघाली. तिच्या जागी आलेली विंडोज ११ ही प्रणाली यंत्राकडून ज्या अटींची पूर्तता मागते त्यांत टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि, इंटेलच्या बाबतीत, साधारणतः आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा प्रोसेसर या अटी प्रमुख आहेत. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७ साली, म्हणजे त्याच्या आदल्या वर्षी रोख रक्कम मोजून घेतलेले, आठ जीबी स्मृतीचे, ज्याची एक कळसुद्धा अद्याप निखळलेली नाही असे यंत्र नव्या प्रणालीच्या उंबरठ्यावर अपात्र ठरते. त्याचा अपराध कोणता, असे विचारले तर उत्तर एवढेच की ते वेळेआधी जन्मले.

मावळच्या पश्चिम टोकाला, लोणावळ्यातून धरणाच्या वाटेने राजमाचीकडे चढत जाणाऱ्या रस्त्यालगत वसलेल्या तुंगार्लीत या प्रश्नाचे जे स्वरूप दिसते ते मुंबई-पुण्यातल्या काचेच्या कचेऱ्यांतून दिसणार नाही. येथे बंगले पुष्कळ, आणि त्यांचे मालक बहुधा मुंबईचे. मुंबईच्या घरात नवा संगणक आला की जुना बंगल्यावर रवाना होतो, आणि बंगल्यावर पुढचा आला की आधीचा रखवालदाराच्या मुलांकडे, ओळखीच्या दुकानदाराकडे, नाही तर जवळच्या एखाद्या मंडळाच्या कार्यालयात जातो. अशा रीतीने महानगरातील संगणकांचा वानप्रस्थाश्रम या गावात नांदत असतो, आणि त्या आश्रमातली यंत्रे रिकामी बसलेली नसतात. गृहनिर्माण संस्थेच्या सभेची नोटीस, चार खोल्यांच्या निवासाचे बिल, चिक्कीच्या दुकानाची रोजकीर्द, भजनी मंडळाच्या वर्गणीची यादी, शाळेच्या सहलीची परवानगीपत्रे असला सगळा मजकूर त्यांच्यावरूनच छापून निघतो. त्यात जून ते सप्टेंबर येथला पाऊस असा की भिंतींना पाझर फुटतो, वीज दिवसातून कितीदा जाते याचा हिशेब कोणी ठेवीत नाही, आणि दमट हवेत महागडे नवे यंत्र ठेवण्यास सुज्ञ माणूस धजावत नाही. जुने यंत्र ही अशा ठिकाणी दारिद्र्याची खूण मानण्याचे कारण नाही. तो व्यवहारातला शहाणपणा आहे.

या यंत्रांविषयीची तक्रार मात्र सर्वत्र एकच ऐकू येते: स्लो चालतो, हँग होतो. आणि दुरुस्ती करणाराचा सल्लाही ठरलेला: फॉरमॅट मारून बघू, नाहीतर नवा घेऊन टाका. या सल्ल्यातला दुसरा भाग स्वीकारण्यापूर्वी क्षणभर थांबून विचार केला पाहिजे की जे काम आपण यंत्राकडून मागतो ते आहे तरी केवढे. मराठी टंकलेखनाची शासकीय परीक्षा मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांच्या वेगाने घेतली जाते. चाळिसाचा वेग ज्याला साधला तो उत्तम टंकलेखक, आणि तोसुद्धा सेकंदाला मोजक्या कळांपलीकडे जाऊ शकत नाही. त्याच्यासमोर जे पंधरा वर्षांपूर्वीचे यंत्र ठेवलेले आहे त्याच्या प्रोसेसरचे घड्याळ सेकंदाला दोनशे कोटी ठोके देते. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीच्या टंकलेखन यंत्रांचा कारखाना उभा केला आणि २००९ पर्यंत ती यंत्रे काढली. तहसीलीच्या व्हरांड्यात अर्ज टंकून देणाराने त्यांतले एखादे यंत्र तीस-तीस वर्षे वापरले, आणि या काळात त्याच्या अर्जाचा मजकूर अधिक जड झाला म्हणून यंत्र बदलण्याची पाळी त्याच्यावर आल्याचे कोणी ऐकले नाही. मग दोनशे कोटी ठोक्यांच्या यंत्राला एका पानाच्या अर्जासाठी धाप का लागावी?

या प्रश्नाचे उत्तर झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील प्राध्यापक निक्लाउस व्हिर्थ यांनी १९९५ सालीच देऊन ठेवले आहे. पास्कल या संगणकीय भाषेचे जनक असलेले आणि जानेवारी २०२४ मध्ये निवर्तलेले हे गृहस्थ मूळचे काटकसरी वृत्तीचे. संगणकशास्त्राच्या एका नियतकालिकात सडपातळ सॉफ्टवेअरची बाजू मांडताना त्यांनी असे दाखवून दिले की, त्याआधी पाव शतक मजकूर संपादनाचा कार्यक्रम सुमारे आठ हजार बाइट्समध्ये रचता येत असे, आणि तेच काम करणारे त्यांच्या काळचे कार्यक्रम त्याच्या शंभरपट जागा अडवून बसले होते; यंत्रे जितक्या झपाट्याने वेगवान होतात त्याहून अधिक झपाट्याने सॉफ्टवेअर मंदावते, हे सूत्र आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते, यद्यपि त्यांनी त्याचे श्रेय आपले सहकारी मार्टिन रायझर यांना दिले होते. कर्जतहून लोणावळ्याकडे गाडी चढू लागली की बोरघाटाच्या चढणीसाठी तिला मागून जादा इंजिने जोडावी लागतात, आणि त्याबद्दल कोणी रेल्वेला दोष देत नाही, कारण घाट सह्याद्रीने निर्माण केला आहे. संगणकाच्या बाबतीत मात्र आम्ही सपाट मैदानात स्वतःच्या हाताने घाट बांधतो, दर तीन वर्षांनी त्याची उंची वाढवतो, आणि मागून इंजिन जोडण्याचा खर्च गाडीत बसलेल्यांकडून वसूल करतो.

न्यायाच्या दृष्टीने एवढे मान्य केले पाहिजे की मंदपणाचा सगळाच दोष सॉफ्टवेअरचा नसतो. जुन्या यंत्रांतील फिरती हार्ड डिस्क हे बहुतेक वेळा खरे दुखणे असते. ती काढून तेथे एसएसडी बसवली आणि स्मृतीची एक जादा पट्टी घातली, तर नव्या संगणकाच्या किमतीच्या अल्पांशात यंत्राला दुसरे तारुण्य येते. हे काम लोणावळ्याच्या बाजारपेठेत तासाभरात होण्यासारखे आहे, आणि त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

सॉफ्टवेअरच्या निवडीविषयी मात्र थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण येथे मराठी माणसाचा प्रश्न इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या प्रश्नाहून भिन्न आहे. हलक्या यंत्रांसाठी म्हणून जी नावे सांगितली जातात त्यांत अबीवर्ड आणि न्यूमेरिक ही जोडी फार हलकी. दोन्हींचा उगम १९९८ च्या आसपासचा, पहिली पत्रलेखनासाठी आणि दुसरी हिशेबाच्या तक्त्यांसाठी, आणि लिनक्सवर एक जीबी स्मृतीच्या यंत्रातही ती चटकन उघडते. न्यूरेम्बर्गच्या सॉफ्टमेकर कंपनीचे फ्रीऑफिस चपळ आहे, देखणे आहे, मायक्रोसॉफ्टच्या फाइलींशी त्याचे चांगले जमते, आणि ते विनामूल्यही मिळते. परंतु त्याची संहिता खुली नाही, म्हणजे कंपनीने उद्या मन बदलले तर आपल्या हाती काही उरत नाही. राहता राहिले लिब्रेऑफिस. जर्मनीतील स्टारऑफिस, ते १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतल्यावर त्यातून निघालेले ओपनऑफिस, आणि सन ओरॅकलच्या ताब्यात गेल्यावर सप्टेंबर २०१० मध्ये स्वयंसेवकांनी वेगळी चूल मांडून उभे केलेले लिब्रेऑफिस, अशी त्याची वंशावळ. मायक्रोसॉफ्टचा संच चार जीबी स्मृती आणि डिस्कवर चार जीबी जागा मागतो. लिब्रेऑफिसने आपली किमान अट वर्षानुवर्षे २५६ एमबी स्मृती आणि दीड जीबी जागा अशी सांगितली आहे. कागदावरच्या असल्या अटींवर माझा फारसा विश्वास नाही. २५६ एमबीवर ते उघडेल खरे, परंतु उघडेपर्यंत चहा होऊन जाईल. दोन जीबीचे यंत्र मात्र त्याला पुरते, आणि तुंगार्लीतल्या वानप्रस्थी यंत्रांपैकी बहुतेकांत तेवढी स्मृती असतेच.

तरीही माझे मत विचाराल तर मराठी लिहिणाराने या सर्वांतून लिब्रेऑफिसच निवडावे, जरी ते या मंडळीतले सर्वांत सडपातळ नव्हे. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक मांडली की काम भागते. देवनागरीत मात्र काना-मात्रा, रफार आणि जोडाक्षरे यांची जुळणी प्रत्येक शब्दागणिक करावी लागते, आणि दऱ्याखोऱ्या, वऱ्हाड, कुऱ्हाड यांतला अर्धा ऱ हा तर मराठीचा स्वतःचा अलंकार, जो हिंदीपुरता विचार करून बनवलेल्या कार्यक्रमांत हमखास मोडतो. लिब्रेऑफिसने २०१७ च्या ५.३ या आवृत्तीपासून सर्व प्रणालींवर अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हे एकच तंत्र स्वीकारले, तेव्हापासून विंडोजवर टंकलेली नोटीस लिनक्सवर उघडली तरी अक्षरे जागची हलत नाहीत. शिवाय त्याच्या याद्या आणि सूचना मराठीतही मिळतात. जे सॉफ्टवेअर आपली लिपी नीट लिहीत नाही ते कितीही हलके असले तरी आपल्यासाठी त्याचे वजन मोजण्यातच अर्थ नाही.

आणि लिपी नीट लिहिणे व यंत्र लहान असणे या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत असे ज्यांना वाटत असेल त्यांनी पुण्याचाच इतिहास आठवावा. अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यात अडचणी उभ्या राहिल्या म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने परम ८००० उभा केला, ही कथा सर्वांना पाठ आहे. त्याच संस्थेने, कानपूरच्या आयआयटीत आरंभलेले काम पुढे नेऊन, जिस्ट नावाचे एक कार्ड सामान्य पीसीसाठी तयार केले, ही गोष्ट त्या मानाने विस्मृतीत गेली आहे. डॉसखाली कार्यक्रमांना हक्काने मिळणारी स्मृती त्या काळी ६४० केबी, म्हणजे आजच्या मोबाइलमधल्या एका छायाचित्राहूनही कमी. त्या यंत्राच्या पोटात हे कार्ड बसवले की वर्डस्टार, डीबेस, लोटस यांसारखे परदेशी कार्यक्रम, त्यांच्या कर्त्यांना पत्ताही नसताना, देवनागरीत बोलू लागत. उच्चारानुसार रचलेली इन्स्क्रिप्ट कळफलकाची मांडणी १९८६ साली ठरली होती, भारतीय लिप्यांची इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक बनली. महासंगणक बांधणाऱ्या घराने गरिबाच्या यंत्राला साक्षर केले, हा माझ्या मते त्या संस्थेचा अधिक मोठा पराक्रम होय. परंतु आपल्याकडे मोठ्या यंत्रांच्या मिरवणुका निघतात, लहान कार्डांच्या निघत नाहीत.

त्यानंतरच्या काळात जे घडले त्याची फळे आजही आपण भोगतो आहोत. विंडोज घरोघर आले, युनिकोड मात्र रुळायला विलंब लागला, आणि त्या मधल्या अवकाशात श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा टंकमालांचे राज्य माजले, ज्यांतली प्रत्येक टंकमाला मराठी अक्षरे आपापल्या मर्जीने इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवीत असे. ज्या यंत्रावर ती टंकमाला आहे तेथे मजकूर मराठी दिसतो. दुसऱ्या यंत्रावर तीच फाइल उघडली की रोमन चिन्हांची खिचडी समोर येते. आता कल्पना करा की एखाद्या गृहनिर्माण संस्थेची १९९८ ते २००८ या दहा वर्षांची इतिवृत्ते, सभासदांची नोंदवही, थकबाकीचे तगादे आणि पाणीपट्टीवरून झालेला पत्रव्यवहार हे सगळे अशाच एका टंकमालेत, एका जुन्या यंत्रात पडून आहे. नवीन कार्यकारिणी येते, उत्साहाने नवा संगणक घेते, जुना भंगारवाल्याच्या हवाली करते, आणि चार वर्षांनी जागेच्या वादात वकील जुना ठराव मागतो तेव्हा पेन ड्राइव्हवर जपून ठेवलेली फाइल कोणालाच वाचता येत नाही. पेशवे दप्तरातील मोडी कागद वाचणारी माणसे विरळ झाली म्हणून आपण हळहळतो. वीस वर्षांपूर्वीचे संगणकीय मराठी वाचणारी यंत्रेही तितक्याच वेगाने विरळ होत आहेत, आणि त्यांच्यासाठी मोडीसारखे वर्गही कोणी चालवीत नाही. टंकमालेतला मजकूर युनिकोडमध्ये फिरवून देणारी परिवर्तक साधने उपलब्ध आहेत. ती रफारावर आणि जोडाक्षरांवर अडखळतात, म्हणून फिरवलेला मजकूर मूळ पडद्यावर दिसणाऱ्या मजकुराशी ताडून पाहावा लागतो, आणि ते ताडून पाहणे ज्या यंत्रात मूळ टंकमाला जिवंत आहे तेथेच शक्य असते. या कामात मुक्त सॉफ्टवेअरचा एक गुण विशेष उपयोगी पडतो: २०१४ साली सुरू झालेल्या डॉक्युमेंट लिबरेशन या उपक्रमाने कालबाह्य स्वरूपांतल्या फाइली वाचण्याची जी साधने जोपासली त्यांच्या बळावर लिब्रेऑफिस वर्डपरफेक्ट, लोटस आणि मायक्रोसॉफ्ट वर्क्सच्याही जुन्या फाइली उघडते.

इतके सगळे सांगून झाल्यावर वाचक रास्तपणे म्हणेल की हलके सॉफ्टवेअर आहे, ते विनामूल्य आहे, ते मराठी नीट लिहिते, मग अडले कोठे? अडते ते कचेरीच्या दाराशी. जुन्या यंत्राच्या मालकाने काय वापरावे हे त्याच्या इच्छेवर अवलंबून नसून त्याचा कागद पलीकडे ज्या टेबलावर जाणार आहे त्या टेबलाच्या इच्छेवर अवलंबून असते, आणि या लेखात मला जे सांगायचे आहे ते इतकेच. तुंगार्लीतला लहान निवासचालक जीएसटीच्या विवरणपत्रासाठी शासनाचे ऑफलाइन साधन उतरवून घेतो, आणि पाहतो तो ते विंडोज व मायक्रोसॉफ्ट एक्सेल गृहीत धरूनच रचलेले. लिनक्स आणि लिब्रेऑफिसवर ते चालत नाही. पोर्टलवर थेट भरण्याची सोय आहे हे खरे, परंतु पावसाळ्यात इंटरनेटचा भरवसा नसलेल्या ठिकाणी ऑफलाइन साधनाची गरज ज्याला आहे त्यालाच ते नाकारले जाते, ही विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. कोणते ना कोणते खाते माहितीचा नमुना मॅक्रो घातलेल्या एक्सेलमध्ये पाठवते, कोणी कारकून अर्ज वर्डच्या फाइलीतच हवा म्हणून बसतो, आणि लिब्रेऑफिसमधून पाठवलेल्या तक्त्याची एक रेषा सरकलेली दिसली की अर्जदाराला परत पाठवतो, जणू काही शासनाचा कारभार त्या रेषेवर उभा आहे. मग अर्जदार काय करतो? एक तर तो नवा संगणक घेतो, नाहीतर बाजारातून चोरीची प्रत टाकून घेतो. आणि अशा रीतीने कायद्याचे पालन करण्यासाठी नागरिकाला कायदा मोडावा लागतो.

ब्राउझरची गोष्ट याहून कठीण. क्रोमने फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० वी आवृत्ती काढताना विंडोज ७ आणि ८.१ यांना निरोप दिला, आणि जुने यंत्र पत्र लिहिण्यास समर्थ असूनही नव्या पोर्टलांच्या दारात खोळंबू लागले. सातबारा, दाखले, पाणीपट्टी, वीजबिल सगळेच पोर्टलावर गेल्यानंतर यंत्राचा मृत्युलेख शब्दसंस्कारक लिहीत नाही, ब्राउझर लिहितो. या बाबतीत खरा उपाय एकच, तो म्हणजे यंत्रावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती घालणे, जिच्यात अद्ययावत ब्राउझर मिळतो. मात्र तेथेही काळ थांबलेला नाही, कारण लिनक्स मिंटने ३२ बिट यंत्रे १९ व्या मालिकेनंतर सोडली आणि डेबियनने १३ व्या आवृत्तीपासून त्यांवर नव्याने स्थापना करण्याची सोय काढून घेतली. अगदी वीस वर्षांपूर्वीच्या यंत्रासाठी मी भांडणार नाही. दहा-बारा वर्षांच्या यंत्रासाठी भांडणे मात्र योग्य आहे.

आणि भांडण ज्याच्याशी करायचे ते शासन या विषयात अनभिज्ञ आहे असेही नाही. मायक्रोसॉफ्टचे दस्तऐवज-स्वरूप आंतरराष्ट्रीय मानक व्हावे की नाही यावर २००७ आणि २००८ मध्ये जगभर मतदान झाले तेव्हा भारतीय मानक ब्युरोने विरोधात मत दिले. ते मानक तरीही संमत झाले, परंतु आपली बाजू कोणती हे आपण जगापुढे नोंदवून ठेवले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राने ई-शासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले, २०१५ मध्ये शासकीय कचेऱ्यांत मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरणही आले. महाराष्ट्रात १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे, आणि मराठीची वर्णमाला कशी लिहावी, ल आणि श यांचे वळण कसे असावे, याविषयी शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये निर्णय काढले आहेत. ज्या शासनाला अक्षराच्या दांडीची एवढी काळजी आहे त्याला ते अक्षर कोणत्या फाइलीत बसून नागरिकाकडे जाते याचीही काळजी करता येईल. एक परिपत्रक काढून इतके सांगितले तरी पुरे की, नागरिकाकडून मागवलेला कोणताही मजकूर युनिकोड मराठीत, पीडीएफ अथवा ओडीएफ स्वरूपात आला तर तो केवळ स्वरूपाच्या कारणावरून नाकारता येणार नाही. ओडीएफ हे खुले दस्तऐवज-स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, ते कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही, आणि ते स्वीकारण्यासाठी कचेरीला एक रुपयाही खर्च येत नाही.

अशा गोष्टी अन्यत्र होत आहेत. केरळच्या शालेय शिक्षण खात्याने काइट या आपल्या संस्थेमार्फत शाळांतले संगणक लिनक्स व लिब्रेऑफिसवर चालवले, आणि तेथली मुले त्यामुळे मागासलेली राहिल्याचे कोणी म्हणत नाही. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या प्रशासनातील सुमारे तीस हजार संगणकांवर लिब्रेऑफिस आणण्याचा निर्णय घेतला. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम खेड्यापाड्यांत पोहोचला आणि त्याने लक्षावधी लोकांच्या मनातली संगणकाची भीती घालवली, या कार्याचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु त्यातून शिकून निघालेल्या पिढीला पत्र म्हणजे वर्ड आणि हिशेब म्हणजे एक्सेल असेच वाटू लागले, आणि शासकीय नोकरीसाठी हेच प्रमाणपत्र मागितले जात असल्याने ती समजूत टेबलाच्या दोन्ही बाजूंना सारखीच रुजली. त्या अभ्यासक्रमात दुसऱ्या एखाद्या संचावर चार दिवस काम करून घेतले असते तरी आज रेषा सरकल्याच्या तक्रारी निम्म्याने कमी झाल्या असत्या, असे मला वाटते.

सुरक्षेचा आक्षेप येथे येणार, आणि तो पोकळ नाही. ज्या प्रणालीचा सांभाळ थांबला आहे ती इंटरनेटला जोडून तिच्यावर बँकेचे व्यवहार करणे हा अविचार आहे. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची वाढीव मुदत दिली, पण ती मुदत म्हणजे उपाय नव्हे. लिब्रेऑफिसनेही ऑगस्ट २०२५ च्या २५.८ या आवृत्तीपासून विंडोज ७ आणि ८ यांचा पाठिंबा काढून घेतला आहे, तेव्हा हलके सॉफ्टवेअर वापरले म्हणून जुनी प्रणाली सुरक्षित होते असा भ्रम कोणी बाळगू नये. जुने यंत्र आणि जुनी प्रणाली या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिले जपावे, दुसरी बदलावी. ज्याला प्रणाली बदलणे जमत नसेल त्याने निदान ते यंत्र इंटरनेटपासून सोडवून टंकलेखनापुरते ठेवावे, आणि त्यातल्या जुन्या टंकमालांमधला मजकूर सवडीने युनिकोडमध्ये आणावा. पावसाळ्यातल्या रिकाम्या दुपारी तुंगार्लीत भरपूर असतात.

कचेऱ्यांसाठी मला एकच व्यवहार्य सूचना करावीशी वाटते. नागरिकांकडून भरून घ्यायचा कोणताही नवा नमुना प्रसृत करण्यापूर्वी, ज्या अधिकाऱ्याने तो मंजूर केला त्याने स्वतःच्याच इमारतीतील सर्वांत जुन्या संगणकावर तो उघडून, भरून, छापून दाखवावा, आणि मगच त्यावर सही करावी. ते यंत्र नेमके कोठे आहे हे अधिकाऱ्याला ठाऊक नसेल तर शिपायाला विचारावे. बहुधा ते आवक-जावकाच्या टेबलावर सापडेल, आणि त्या टेबलावरचा कारकून त्याच्यावर अजून रोजचे काम उरकत असेल.